भुताळीची गोष्ट आणि भुताळीचा आळ

डाकीण, भुताळी, झोटिंग, साती आसरा यांच्या गोष्टींनी पोरांच्या डोक्यात अंधश्रद्धा रुजते, म्हणून किशोरांच्या कादंबरीत त्यांना जागा नको, हे मत आपल्याकडच्या सुशिक्षित, विवेकवादी घरांत पक्के बसले आहे. त्यामागची कळकळ मला मान्य आहे. भुताळी ठरवून बाईला मारहाण झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत, आणि जादूटोणाविरोधी कायद्यासाठी २०१३ साल उजाडावे लागले.

पण या मताने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या आहेत. ‘तिनेच करणी केली’ असे कोणी म्हणतो, तेव्हा तो गोष्ट सांगत नसतो, आळ घेत असतो. त्या आळाला नाव असते, घर असते, शेताचा बांध असतो. ‘आटपाट नगर होतं’ म्हटले की ऐकणारा गावाच्या हद्दीबाहेर जातो. कायदाही हा फरक ओळखतो : एखाद्यावर करणीचा आरोप ठेवून त्याचे जगणे नकोसे करणे हा गुन्हा, होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगणे हा नव्हे.

पोराला हा फरक कळत नाही, असे म्हणणाऱ्याने सुरगाणा-पेठकडचा बोहाडा, म्हणजे मुखवट्यांचा उत्सव, पाहावा. वेताळाचा मुखवटा कोण बांधणार हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तरी टेंभ्यांच्या उजेडात संबळ वाजू लागला की ते आईला बिलगते, आणि सकाळी त्याच काकाच्या मागे शेतावर जाते. भय खरे, मुखवटा लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा. दोन्ही एकाच मनात सुखाने नांदतात.

पोलिश लोककथांवर बेतलेली नाओमी नॉविक यांची ‘अपरूटेड’ (२०१५) ही कादंबरी इथे आठवते. तिला नेब्युला पुरस्कार मिळाला आणि तरुण वाचकांनी ती उचलून धरली. तिच्यातला जादूगार शिस्तीचा, पोथीनिष्ठ. त्याचे मंत्र खेड्यातल्या अग्न्येश्काला काही केल्या जमत नाहीत. तिला वाट सापडते ती म्हाताऱ्या यागाच्या टिपणवहीत. ही यागा म्हणजे स्लाव्ह मुलांना झोपेत दचकवणारी चेटकीण, ‘बाबा यागा’. नॉविकने तिला गुरू केले. गावे गिळणाऱ्या रानाचेही तसेच : त्याच्या विषामागे माणसांनी केलेला विश्वासघात आणि झाडांवर चालवलेली कुऱ्हाड निघते. ‘चेटकीण नसते’ असे कादंबरी कुठेही म्हणत नाही. जिला चेटकीण म्हणतात ती कोण, हे मात्र ती चारशेहून अधिक पानांत दाखवत राहते, आणि वाचणारी मुलगी तिच्या बाजूने उभी राहते. हे काम भाषणाने होत नाही. मी भाषणे पुष्कळ ऐकली आहेत.

उलट, लेखकाने भुताळीला दाराबाहेर ठेवले म्हणून ती गावातून जात नाही. तिची हकीकत सांगायला मग एकटा भगत उरतो, आणि त्याच्या हकीकतीत तिला तोंड नसते. दुर्गाबाई भागवतांनी आयुष्यभर लोककथा गोळा केल्या, त्या काही भूतपिशाचांच्या प्रचारासाठी नव्हेत. तो साठा आज किशोरांच्या कादंबरीकारापुढे जवळजवळ अनाघ्रात पडला आहे.

मला हवी आहे ती कादंबरी पेठच्या एखाद्या पाड्यावर सुरू व्हावी. आजीला रानातली मुळ्या-पाने कळतात, म्हणून लोक तिच्याविषयी कुजबुजतात. नात तेरा वर्षांची. बोहाड्याची रात्र आहे, आणि या खेपेला एका मुखवट्याआड कोण आहे हे गावात कोणालाच सांगता येत नाही.