श्रीगोंद्याचे शिंदे, ‘सिंदिया’ची जहाजे आणि हुकुमाची भाषा

१/ श्रीगोंद्यापासून समुद्र दूर. तरीही येथे ज्यांची जहागीर व वाडे होते, त्या शिंदे घराण्याचे नाव आगबोटींवर गेले. ग्वाल्हेरच्या शिंद्यांची ‘लॉयल्टी’ ही बोट वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी विकत घेतली. कंपनीचे नाव ठेवले ‘सिंदिया’. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली.

२/ मालकी भारतीय झाली. हुकुमाची भाषा इंग्रजीच राहिली. सारंग, तांडेल, खलाशी भारतीय असत. पण जहाजाचा मार्ग ठरवणारे भारतीय अधिकारी त्या काळी जवळजवळ नव्हतेच.

३/ या भाषेत चुकीला क्षमा नव्हती. तेव्हाच्या ब्रिटिश प्रथेत ‘स्टारबोर्ड’ म्हणजे सुकाणूचा दांडा उजवीकडे. जहाजाचे तोंड मात्र डावीकडे वळे! हा उलटा हुकूम १९३० च्या दशकात बदलला.

४/ मालाचेही तसेच. भिजलेल्या गोणी चढवताना ‘बिल ऑफ लेडिंग’वर ‘बाह्यतः सुस्थितीत’ अशी नोंद झाली, तर नुकसानीचा दावा जहाजमालकावर येई. १९२५ मध्ये सागरी मालवाहतुकीचा कायदाही आला, तोही इंग्रजीतच.

५/ म्हणून १९२७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘डफरिन’ या प्रशिक्षणनौकेचे महत्त्व मोठे. तेथे भारतीय मुले व्यापारी जहाजांवरील अधिकारी होण्यासाठी शिकू लागली.

६/ पुढे २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजांसाठी प्रमाण इंग्रजी वाक्यांचा संग्रह स्वीकारला. सुकाणूवरचा खलाशी आजही मिळालेला हुकूम शब्दशः परत उच्चारतो आणि मगच चाक फिरवतो.