खोडलेले ‘पेट्रोल’ : जीपच्या इंजिनबदलाचा इतिहास

१/ सातारा जिल्ह्यातील आमच्या आजोळी पत्र्याच्या एका पेटीत जुने आर.सी. बुक आहे. गाडी १९६६ सालची महिंद्रा-विलिज जीप. त्यात ‘इंधन’ या रकान्यातील ‘पेट्रोल’ हा शब्द शाईने खोडलेला असून त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘डिझेल’ असे लिहिले आहे. शेजारी इंजिनाचा नवा क्रमांक, शिक्का, सही आणि तारीख १९८७ मधली. चासी क्रमांक मात्र तोच. आजचा धागा त्या खाडाखोडीविषयी आहे.

२/ इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपण शिलालेखावरील खोडलेल्या ओळीपुढे तासन्‌तास बसतो. वाहननोंदणीच्या पुस्तकातील खाडाखोड मात्र आपल्याला किरकोळ वाटते. वास्तविक या एका रेघेत युद्ध, परवाना-राज, अरबी तेल, फ्रान्स, कोरिया आणि इगतपुरी असे सारे सामावलेले आहे. तेव्हा थोडे मागे जाऊ.

३/ जीपचा इतिहास मुळातच इंजिनाचा इतिहास आहे. १९३८ मध्ये डेल्मर ‘बार्नी’ रूस हे अभियंते अमेरिकेतील विलिज-ओव्हरलँड कंपनीत आले. तेथे त्यांच्या हाती आले ते विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील ‘व्हिपेट’ या छोट्या मोटारीच्या वंशातले, जेमतेम ४८ अश्वशक्तीचे इंजिन. रूस यांनी नवे इंजिन रेखाटले नाही. जुन्यालाच घासूनपुसून, बळकट करून ६० अश्वशक्तीपर्यंत नेले. हेच ते ‘गो डेव्हिल’. अमेरिकी लष्कराला हलकी टेहळणी गाडी हवी होती, तेव्हा विलिजचे पारडे जड ठरले ते प्रामुख्याने या इंजिनामुळे. महायुद्धातली जीप अशी जुन्या मोटारीच्या सुधारलेल्या काळजावर धावली.

४/ युद्धकाळात वॉशिंग्टनमधील भारतीय पुरवठा मंडळाचे प्रमुख होते कैलासचंद्र महिंद्रा. त्यांची आणि रूस यांची तेथे भेट झाली व त्यातून भारतात जीप आणण्याची कल्पना रुजली, असे कंपनी स्वतःच्या इतिहासात सांगते. (कंपन्यांचे आत्मवृत्त सावधपणे वाचावे, हे आपल्याला ठाऊक आहेच.) १९४५ मध्ये स्थापन झालेल्या ‘महिंद्रा अँड मोहम्मद’मधील मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले आणि १९४९ मध्ये मुंबईच्या माझगावात सुट्या भागांतून जीप जोडली जाऊ लागली.

५/ आता जीपचे बॉनेट पाहा. युद्धातल्या जीपचे बॉनेट बसके, आपल्याकडील जुन्या जीपचे मात्र कपाळ उंच. हा फरक रूपाच्या हौसेतून आलेला नाही. ‘गो डेव्हिल’मध्ये आत घेणारी आणि बाहेर टाकणारी अशा दोन्ही झडपा बाजूला होत्या. पुढच्या ‘हरिकेन’ इंजिनात खालचा ठोकळा जवळपास तोच, २१९९ घनसेंमीचा. परंतु आत घेणाऱ्या झडपा वर, नव्या डोक्यात गेल्या. शक्ती सुमारे ७२ अश्वशक्ती झाली आणि इंजिन उंच झाले. ते जुन्या बॉनेटखाली मावेना. मग विलिजने काय केले? बाकीची गाडी बव्हंशी तशीच ठेवून बॉनेट आणि पुढची जाळी वर उचलली. १९५३ ची सी.जे.-३बी ती हीच. थोडक्यात, ज्या चेहऱ्याला आपण ‘आपली मूळ जीप’ म्हणतो तो चेहराच एका इंजिनबदलाचा परिणाम आहे.

६/ अमेरिकेत ३बीचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. भारतात १९५४ पासून ती टप्प्याटप्प्याने बनू लागली होती आणि येथे तिचे आयुष्य कितीतरी लांबले. कलेक्टर, मामलेदार, पोलीस, पाटबंधारे, वनखाते ही तिची पहिली पिढी. पुढे साखर कारखान्यांचे संचालक आले, बागायतदार आले. गावात जीप शिरली की कोणीतरी साहेब आला, हा जुन्या मंडळींच्या आठवणीतला प्रसंग त्या काळचा. पेट्रोलवर चालणारी, तीन पुढचे गिअर असलेली ही गाडी खाजगी खिशाला पेलणारी नव्हतीच.

७/ ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध भडकले, अरब देशांनी तेलाची कोंडी केली आणि जगभर भाव कडाडले. भारतात पेट्रोलच्या किमती इतक्या वाढल्या की १२ नोव्हेंबर १९७३ रोजी अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत आले. पण डिझेलचे गणित वेगळे होते. ट्रक, एस.टी., शेतपंप यांचे इंधन म्हणून सरकारने ते पेट्रोलच्या तुलनेत स्वस्त राखले. धोरण शेतकऱ्यासाठी आणि मालवाहतुकीसाठी. पण जीप बाळगणाऱ्याच्या ध्यानात एक गोष्ट आली : एकाच पंपावर दोन नळ्या आहेत, आणि आपली गाडी चुकीच्या नळीपाशी उभी आहे.

८/ इंजिन बदलणे म्हणजे एक काढून दुसरे ठेवणे, असे ज्यांना वाटते त्यांनी एखाद्या गॅरेजात दोन दिवस काढावेत. पेट्रोल इंजिन मिश्रण साधारण सातपट दाबते आणि ठिणगीने पेटवते. डिझेल इंजिन केवळ हवाच वीसपटीहून अधिक दाबते. त्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. परिणामी डिझेलचा ठोकळा जाड, जड आणि थरथरणारा. तो पेलायचा तर चासीवरचे जुने माउंटिंग कापून नवे जोडायचे. इतका दाब फिरवून सुरू करायला दणकट स्टार्टर आणि मोठी बॅटरी हवी. सुरुवातीच्या जीपमधील सहा व्होल्टची वीज तिथे निरुपयोगी. रेडिएटर बदलायचा. पुढचे पाटे जादा वजनाने बसतात, म्हणून त्यांत एखादे पान वाढवायचे. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, प्लग हे सारे मात्र भंगारात जाते, आणि ओढ्याच्या पाण्यात भिजून बंद पडण्याची खोडही त्यांच्याबरोबर जाते.

९/ खरी कसोटी गिअरबॉक्सची. जीपमध्ये गिअरबॉक्सच्या पाठीशी चारही चाकांना ताकद वाटणारा ट्रान्सफर केस असतो. स्पायसर १८ या जुन्या ट्रान्सफर केसचा मुख्य गिअर थेट गिअरबॉक्सच्या मागल्या दांड्यावर बसतो आणि तेथून निघणारे पुढचे-मागचे दोन्ही शाफ्ट गाडीच्या उजव्या अंगाने जातात. म्हणजे गिअरबॉक्स बदलला की त्याच्या दांड्याचे दाते ट्रान्सफर केसशी जुळायला हवेत, लांबी बदलली तर दोन्ही शाफ्ट कापून-जोडून पुन्हा तोलायला हवेत. पुढच्या बाजूला इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये जाड लोखंडी तबकडी. तिचे मध्य केसभर चुकले तरी महिन्याभरात क्लच आणि बेअरिंग ओरडू लागतात. लेथवर ही तबकडी कातणारे हात कुठल्याच अभिलेखागारात नोंदलेले नाहीत.

१०/ कंपनीही याच वाटेने निघाली होती. महिंद्राच्या घरात आंतरराष्ट्रीय सहकार्याने बनणाऱ्या ट्रॅक्टरांमुळे डिझेलची ओळख होतीच आणि ट्रॅक्टरवंशी इंजिन जीपमध्ये आलेही. पण ट्रॅक्टरचे इंजिन मंद फेऱ्यांचे. जीपच्या ॲक्सलचे गुणोत्तर ५.३८ : १, म्हणजे वरच्या गिअरमध्ये इंजिनाच्या सव्वापाच-साडेपाच फेऱ्या होतील तेव्हा चाक एकदा फिरणार. नांगराला हे छान, पुणे-सातारा रस्त्याला नाही. १९७९ मध्ये महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजोकडून एक्स.डी.पी. ४.९० या इंजिनाचा परवाना घेतला. नावातच त्याची कुंडली आहे : चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. एकूण २११२ घनसेंमी. प्यूजोच्या ५०४ मोटारीतले हे डिझेल इगतपुरीला बनू लागले. १९८२ मध्ये कोरियाच्या किआकडून चार गिअरांच्या गिअरबॉक्सचा परवाना आला. आजच्या पिढीला किआ ही चकचकीत एसयूव्ही वाटते. ती भारताच्या रस्त्यांवर चाळीस वर्षांपूर्वीच, जीपच्या गिअरबॉक्सच्या रूपाने आली होती.

११/ येथे एक गंमत आहे. प्यूजोचे हे ‘नवे’ इंजिन सुमारे ६२ अश्वशक्तीचे. ज्याला हटवून ते बसले ते हरिकेन ७२ चे. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या होत्या हे मान्य, तरी नव्याची ताकद कागदावर कमीच. इंजिनबदल म्हणजे वेगाची हौस, हे समीकरण आपल्याकडे आज चित्रफितींमुळे रूढ झाले आहे. आपल्या जीपच्या बाबतीत ते लागू पडत नाही. हा बदल किलोमीटरमागच्या पैशांचा होता. १९५३ साली उंच झालेले कपाळ मात्र आता उंच डिझेललाही कामास आले.

१२/ कारखान्यातून डिझेल जीप येऊ लागल्यावर अपघातग्रस्त गाड्यांतली तीच इंजिने जुन्या पेट्रोल जीपमध्ये शिरू लागली. कोणी आकुर्डीच्या बजाज टेम्पोच्या मॅटाडोरचे, मर्सिडीज घराण्यातले डिझेल बसवले. तिकडे हरियाणातील मंडी डबवालीत तर जीप नव्याने जोडण्याचा अख्खा बाजारच उभा राहिला. आमच्या आजोबांच्या जीपचे इंजिनही घाटात दरीला टेकलेल्या दुसऱ्या एका जीपचे. मामा सांगतात, ‘‘ती गाडी भंगारात गेली, तिचं काळीज आपल्याकडं आलं.’’

१३/ या बदलाने जीपची जातच बदलली असे मला वाटते. साहेबाची गाडी लोकांची झाली. बाजाराच्या दिवशी वाड्या-वस्त्यांवरून माणसे, कोंबड्या, भाजीच्या पाट्या घेऊन निघणारी जीप, म्हणजे पश्चिम महाराष्ट्राच्या बोलीतले ‘वडाप’, डिझेलशिवाय परवडलेच नसते. सरकारदरबारी तिचे नाव ‘अवैध प्रवासी वाहतूक’. टप्प्याच्या वाहतुकीचा हक्क एस.टी.चा. पण जेथे एस.टी. दिवसातून दोनदाच येई, तेथे बाळंतीण तालुक्याला कशाने गेली हे विचारून पाहा. आमच्या आजीने मोजून तीन नावे सांगितली. तिघांचा जन्म तालुक्याच्या दवाखान्यात, प्रवास याच जीपमधून. तिसरा म्हणजे माझा मावसभाऊ. वडापाचे कौतुक करताना तिच्या टपावर बसून घाट उतरलेल्यांचे अपघात विसरता येत नाहीत, हेही येथे नोंदवतो.

१४/ आता कायदा. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात वाहनातील फेरफार नोंदणी अधिकाऱ्याला कळवून पुस्तकात नोंदवण्याची वाट होती. आमच्या पुस्तकातली रेघ त्याच वाटेवरची. १९८८ च्या कायद्याचे कलम ५२ पुढे २००० मध्ये बदलले : उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये, अपवाद मोजके. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ ठामपणे सांगितला. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. कमकुवत ब्रेकांवर जड इंजिन लादलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

१५/ अडचण २०२१ च्या ‘व्हिंटेज’ नियमांत आहे. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना स्वतंत्र नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली असावी, चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत भरीव बदल नसावा. १९६६ ची आमची जीप वयाने पात्र आहे, इंजिनाने नाही. जी जीप कुणा संग्राहकाच्या गॅरेजात झाकून ठेवली होती ती वारसा ठरते. जी पन्नास वर्षे राबली, आणि राबता यावे म्हणून बदलली, ती ठरत नाही.

१६/ याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहतो आहे. गेल्या दिवाळीत मामांकडे एक खरेदीदार आले. गाडी त्यांना पसंत पडली. अट एकच, की डिझेल उतरवून हरिकेन बसवायचे. ते इंजिन ते स्वतः कोठून तरी आणणार होते. म्हणजे १९८७ चा इंजिनबदल पुसण्यासाठी आणखी एक इंजिनबदल! मामांनी विचारले, ‘‘अन्‌ ह्या इंजिनाचं काय करणार?’’ ते म्हणाले, ‘‘त्याला किलोचा भाव.’’ देऊ केलेली रक्कम मोठी होती, आणि मामांच्या धाकट्या मुलीचे अभियांत्रिकीचे दुसरे वर्ष चालू आहे. त्यामुळे ‘विकू नका’ असे शहाणपण मी शिकवले नाही.

१७/ जुन्या वाड्याची तुळई कुजली म्हणून सागाऐवजी लोखंडी गर्डर घातला, तर वास्तुइतिहासकार त्या गर्डरची नोंद घेतो. वाडा खोटा झाला म्हणत नाही. मंदिराच्या यादवकालीन गाभाऱ्यावर मराठाकालीन शिखर असले, तर आपण दोन्ही कालखंड वाचतो. जीपबाबतच हा विवेक का हरवावा? प्यूजोचे इंजिन काढून टाकलेली जीप १९६६ मधली दिसेल. पण १९७३ ची टंचाई, इगतपुरीचा कारखाना आणि त्या तीन बाळंतपणांची वाट यांचा पुरावा तिच्यात उरणार नाही.

१८/ मी एवढेच केले : आर.सी. बुकाच्या सर्व पानांची छायाचित्रे घेतली, इंजिनावर ठोकलेला क्रमांक पुस्तकातल्या क्रमांकाशी ताडून पाहिला (जुळतो), आणि ज्या मिस्त्रींनी ती तबकडी कातली होती त्यांच्याशी दीड तास बोलून ते ध्वनिमुद्रित केले. ते आता ऐंशीच्या घरात आहेत. त्या तबकडीचे माप त्यांना अजून तोंडपाठ आहे.

१९/ आपल्यापैकी कोणाच्या घरी असे खोडलेले ‘इंधन’ असलेले पुस्तक असेल, तर या धाग्याखाली जिल्हा, गाडीचे साल आणि इंजिन बदलल्याचे साल एवढेच लिहा. मालकाचे नाव किंवा गाडीचा क्रमांक नको. मिस्त्री हयात असतील तर आधी त्यांच्याकडे जा, पुस्तकाचे नंतर पाहू. मामांचा निर्णय अजून झालेला नाही. खरेदीदार संक्रांतीनंतर पुन्हा येणार आहेत.