हिज सिलिकॉन सोल

‘बॅटमॅन : द अ‍ॅनिमेटेड सिरीज’ या अमेरिकी कार्टून मालिकेचा एक भाग. पहिले प्रसारण 20 नोव्हेंबर 1992. लेखन मार्टी आयसेनबर्ग व रॉबर्ट स्किर, दिग्दर्शन बॉइड कर्कलंड. आपण यंत्र आहोत हे ठाऊक नसलेल्या यंत्रमानवाची ही जेमतेम वीस-बावीस मिनिटांची गोष्ट.

कथेचे मूळ त्याच आठवड्यात दाखवलेल्या ‘हार्ट ऑफ स्टील’ या जोडभागात आहे. कार्ल रॉसम हा शास्त्रज्ञ मुलीच्या अपघाती मृत्यूनंतर हार्डॅक नावाचा प्रचंड संगणक उभारतो. माणसे चुका करतात, म्हणून माणसेच बदलून टाकावीत, असा निष्कर्ष काढून हा संगणक गॉथम शहरातल्या बड्या मंडळींच्या जागी हुबेहूब यांत्रिक प्रतिकृती बसवू लागतो. बॅटमॅन तो डाव उधळतो. एक प्रतिकृती मात्र गोदामातल्या खोक्यात शिल्लक राहते, आणि ती खुद्द बॅटमॅनची असते.

गोदामात चोर शिरतात, खोके उघडते आणि बॅटमॅन त्यांच्यावर तुटून पडतो. गोळी लागून कातडी फाटते, तेव्हा आत रक्तमांसाऐवजी तारा दिसतात. आपले मन कोणीतरी चोरून यंत्रात कोंबले, अशी त्याची समजूत होते. रोबोटविद्या सोडून हरितगृहात रोपे वाढवणाऱ्या रॉसमला तो गाठतो. त्याच्यात मन वगैरे काही नाही, आहे ती केवळ भरलेली माहिती, असे रॉसम त्याला सांगतो. हा प्रसंग भागाचा कणा आहे. ज्याच्याकडे दाद मागायची तो जन्मदाताच हात वर करतो.

पुढे हार्डॅकची जुनी आज्ञावली जागी होते, तो जगभरच्या संगणकांत शिरू पाहतो आणि प्रतिकृती त्याचे हत्यार बनते. हे वळण काहीसे ठोकळेबाज आहे, पण शेवट ती कसर भरून काढतो. बॅटमॅनच्या गुहेतल्या झुंजीत खरा बॅटमॅन खोल दरीत कोसळतो. आपण जीव घेतला या जाणिवेने यंत्र हादरते, हार्डॅकची आज्ञा झुगारते आणि गुहेतला संगणक फोडताना स्वतःही नष्ट होते. बॅटमॅन वाचलेला असतो. या यंत्राला आत्मा असेल का, हा प्रश्न तो आणि त्याचा सेवक आल्फ्रेड मोकळाच सोडतात.

याचे एक रोखठोक उत्तर देता येते. हत्या न करण्याचे बॅटमॅनचे व्रत माहितीबरोबर प्रतिकृतीतही उतरले होते. नक्कल इतकी चोख साधली की तीच हार्डॅकवर उलटली. तरीही पश्चात्तापाचा तो क्षण निव्वळ नकलेचा वाटत नाही, याचे बरेचसे श्रेय केविन कॉन्रॉयच्या आवाजाला आहे. खरा आणि यांत्रिक अशा दोन्ही बॅटमॅनना त्यानेच आवाज दिला आहे. रॉसमला विल्यम सँडरसनचा आवाज आहे. ‘ब्लेड रनर’ (1982) चित्रपटात कृत्रिम मानवांच्या एका निर्मात्याची भूमिका त्यानेच केली होती. रॉसम हे आडनाव ‘रोबोट’ हा शब्द जगाला देणाऱ्या कारेल चापेकच्या 1920च्या नाटकातून उचललेले आहे.

अचेतनात चैतन्य यावे ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. वाघावर बसून आलेल्या चांगदेवांना भेटायला ज्ञानेश्वरांनी आळंदीत भिंत चालवली, असे आख्यायिका सांगते. ती भिंत आज्ञा पाळते आणि आपण कोण, असे कधी विचारत नाही. या भागातले यंत्र तेच विचारते आणि शेवटी आज्ञा मोडते. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीतही बुद्धिमान यंत्रमानव आहे, मात्र तिथे भर माणसापुढच्या धोक्यावर आहे.

मालिकेच्या 85 भागांत हा भाग वरच्या रांगेत बसतो. ‘हार्ट ऑफ स्टील’चे दोन्ही भाग आधी पाहावेत, नाहीतर रॉसमच्या अपराधी भावनेचे कारण उमगत नाही.