अजिंठ्याच्या जळालेल्या प्रती

अजिंठ्याच्या घाटाखाली वसलेले फर्दापूर हे लेण्यांच्या जवळचे गाव असल्याने, भित्तिचित्रांच्या प्रती काढण्याच्या इतिहासात त्याचे नाव वारंवार येते. मद्रास लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल यांची १८४४ मध्ये या कामावर नेमणूक झाली आणि कॅनव्हासवर तैलरंगात वर्षानुवर्षे केलेली त्यांची बहुतेक चित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाली. पुढे मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांकरवी तेच काम नव्याने करून घेतले, आणि त्याही प्रतींचा मोठा भाग १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेला. हे नुकसान खरोखर दारुण होते. मात्र या दोन्ही उपक्रमांचे मोल हाती आलेल्या चित्रांवरच ठरवले गेले, आणि प्रत उठावदार यावी म्हणून मूळ भिंतीवर फिरवलेले वार्निश पुढे काळवंडले, ही त्या दृष्टीने मोजलेली किंमत होती.

ब्रिटिश चित्रकार क्रिस्टियाना हेरिंगहॅम यांची १९०९ ते १९११ या काळातील प्रती काढण्याची मोहीम वेगळ्या वृत्तीची होती. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराच्या, रंग कसे घोटावेत आणि पृष्ठभाग कसा तयार करावा हे सांगणाऱ्या जुन्या ग्रंथाचा अनुवाद त्यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केला होता, त्यामुळे चित्र कसे घडले हा प्रश्न त्यांच्यासाठी मूलभूत होता. अजिंठ्याच्या भिंतीवर त्याचे उत्तर वाचता येते: भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेला मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर, मग तांबड्या रंगातील पहिले रेखाटन, त्यावर रंग आणि अखेरीस आकार पक्का करणारी गडद रेषा; जिथे वरचा रंग गळून पडला आहे तिथे ते पहिले रेखाटन आजही दिसते. या मोहिमेतील चित्रकार नंदलाल बोस, असितकुमार हालदार, के. वेंकटप्पा, समरेंद्रनाथ गुप्त आणि हैदराबादचे सय्यद अहमद यांना प्रत काढताना हा क्रम स्वतःच्या हाताने पुन्हा गिरवावा लागला.

या मोहिमेतील प्रती १९१५ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने छापल्या, पण तिचे मोठे फळ माणसांत आले. सय्यद अहमद पुढे अजिंठ्याचे अभिरक्षक, म्हणजे लेण्यांची देखभाल पाहणारे अधिकारी झाले; आणि नंदलालांनी १९३८ च्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठी कागदावर झरझर रंगवलेल्या ग्रामजीवनाच्या फलकांत, लोककलेइतकीच, या भिंतींसमोर घोटलेली रेषाही ओळखू येते.