मेक्सिकोचा झेंडू, इंग्लंडची पाणीटंचाई आणि आपलं तोरण

दसऱ्याला दारावर झेंडूचं तोरण नसेल तर घर ओकंओकं वाटतं. लंडन असो, लेस्टर असो की बर्मिंगहॅम, चार फुलं तरी कुठून तरी मिळवायचीच. इतकं हे फूल आपलं. पण खरं सांगायचं तर झेंडू आपल्याकडे पाहुणाच. ज्ञानेश्वर महाराजांच्या काळातल्या आळंदीत कोणी तो पाहिलेला असणं शक्य नाही. तो मूळचा मेक्सिकोचा. तिथं त्याला सेम्पासूचिल म्हणतात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांना घरची वाट सापडावी म्हणून त्याच्या पाकळ्या पसरतात. म्हणजे तिकडे तो पितरांसाठी आणि आपल्याकडे पितृपक्ष संपल्यावर देवीसाठी!

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी त्याचं बी युरोपात नेलं. १५४२ साली लेओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याच्या वनस्पतिग्रंथात त्याचं चित्र आलं. त्याच ग्रंथात मका आणि मिरचीही आहेत. आपल्याकडे हे सगळं बहुधा पोर्तुगीज गलबतांमधून आलं. मिरचीशिवाय ठेचा आणि झेंडूशिवाय दसरा, दोन्ही आपण आता कल्पनेतही आणू शकत नाही.

इंग्लंडमध्ये झेंडूचं स्वागत मात्र जरा थंडच झालं. १५९७ मध्ये जॉन जेरार्डनं आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्याचा वास वाईट आणि गुण विषारी ठरवले. नावांचा तर गोंधळच. इंग्रजांचा मूळचा 'मॅरिगोल्ड' म्हणजे कॅलेंड्युला, वेगळंच फूल. नव्यानं आलेल्या झेंडूला त्याचंच नाव चिकटलं. मोठ्या फुलाचा तो 'आफ्रिकन', बुटका तो 'फ्रेंच', आणि दोघेही मेक्सिकोचे. पंचम चार्ल्सनं १५३५ मध्ये ट्युनिस जिंकलं, तेव्हा तिथून हे फूल आलं अशी एक समजूत होती, म्हणून आफ्रिकन.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगते. माझी आई बार्शीकडची. १९७२चा दुष्काळ तिनं पाहिलेला. खडी फोडायची कामं, लाल मिलोची भाकरी, सुकडी, हे शब्द आमच्या घरात मी इथं जन्मूनही ऐकले. १९७४ साली ती लग्न होऊन इंग्लंडला आली, तेव्हा रुमालाच्या गाठीत दसऱ्याच्या वाळलेल्या फुलांचं बी होतं. पुढच्या पाडव्याला तिनं ते थेट अंगणात टाकलं. एकही रोप उगवलं नाही. मार्च-एप्रिलची इथली माती झेंडूला बर्फासारखी. शेजारच्या इंग्रज आजींनी तिला सांगितलं, "खिडकीत पेर, मेअखेर बाहेर लाव." बी थोडं शिल्लक होतं म्हणून बरं.

आणि मग आलं १९७६. मे १९७५पासून पाऊस कमीच होता. २३ जून ते ७ जुलै, सलग पंधरा दिवस इंग्लंडात कुठे ना कुठे पारा ३२ अंशांवर गेला. ऑगस्टमध्ये सरकारनं दुष्काळाचा खास कायदा केला. काही भागांत घरचे नळ बंद झाले आणि लोक रस्त्यावरच्या सार्वजनिक नळावर बादल्या घेऊन उभे राहिले. डेनिस हॉवेल यांना दुष्काळमंत्री नेमलं, आणि काही दिवसांतच पाऊस कोसळायला लागला. हा किस्सा इथले लोक अजून हसत सांगतात.

आईला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं. ती म्हणायची, "मी पाणी मोजायचं विसरायला इथं आले, आणि इथंही तेच." तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी ती झेंडूला घालायची. आजूबाजूची हिरवळ पिवळी पडली, आमच्या कुंपणापाशी मात्र त्या ऑक्टोबरात तोरणापुरता झेंडू होता. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला त्या चार फुलांचं काय वाटलं असेल, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे या देशानंही धडा घेतला. एसेक्समधल्या एल्मस्टेड मार्केटला बेथ चॅटो यांनी १९९१-९२च्या सुमारास जुन्या गाड्या लावायच्या जागेवर खडीची बाग केली आणि एकदा रुजल्यावर तिला पाणी द्यायचंच नाही असं ठरवलं. तिथला वर्षाचा पाऊस साधारण ५०० मिलिमीटर, आपल्या माणदेशाची आठवण यावी इतका. (तुलना फार ताणू नये, इथला पाऊस वर्षभर झिमझिमत पडतो आणि ऊन आपल्यासारखं भाजत नाही.) १९ जुलै २०२२ला लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबीत ४०.३ अंश नोंदले गेले, तेव्हा ही बाग पुन्हा अनेकांना आठवली असेल. होजपाइपबंदी आता नवलाची राहिलेली नाही.

तेव्हा तुमच्यासाठी थोडं कामाचं. कमी पाण्यात तगणारी बियांची काही फुलं झेंडूच्याच मुलखाची. कॉसमॉस मेक्सिकोचा, १७९१ मध्ये माद्रिदच्या बागेत त्याला हे नाव मिळालं. झिनियाही तिकडचाच. कॉसमॉसला खत घालू नका, नुसता पाला माजतो. कॅलिफोर्निया पॉपीचं बी जागेवरच टाका, तिला उपटून लावलेलं सोसत नाही. झेंडू एप्रिलमध्ये खिडकीत पेरा, उबेत आठवड्याभरात उगवतो. कोवळी रोपं गोगलगायींपासून सांभाळा, एका रात्रीत देठ तेवढे उरतात. रुजेपर्यंत पाणी नेमानं द्या. नंतर रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर, म्हणजे मुळं खाली जातात. दसरा उशिरा असेल तर मेअखेर आणखी एक पेरणी करा, फक्त त्याआधी कडक थंडी पडली की झाडं एका रात्रीत काळी पडतात.

आईसारखं रुमालात बी आणू नका. बाहेरदेशी बियांना आता वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. इथंच आफ्रिकन मॅरिगोल्डचं पाकीट घ्या, पण संकरित नको, त्याचं बी पुढच्या वर्षी तसंच येत नाही. तोरण उतरवलं की त्यातली पूर्ण वाळलेली फुलं निवडा, काळ्या काड्यांसारखं बी मोकळं करा आणि कागदी लिफाफ्यात ठेवा. आमच्या घरी लिफाफ्यावर साल आईच्या अक्षरात असायचं. आता मी लिहिते.