हिंगणघाट नावाची प्रत

मुलांच्या पेन्सिलीवर ‘एचबी’ अशी अक्षरे असतात. एच म्हणजे कठीण, बी म्हणजे काळी. शिशात मातीचे प्रमाण वाढले की पेन्सिल कठीण होते, ग्राफाइटचे वाढले की रेघ गडद उमटते. विकत घेणाऱ्याला एवढ्या खुणेवरून माल कळतो. आमच्या वर्धा जिल्ह्यात तर एका गावाचे नावच अशी खूण होऊन बसले होते. ते गाव हिंगणघाट.

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात हिंदी कापूस गावांच्या नावाने ओळखला जाई : धोलेरा, भडोच, उमरावती आणि हिंगणघाट. ‘हिंगणघाट’ म्हणजे वेणा नदीकाठच्या काळ्या जमिनीतला मऊ, तलम ‘बनी’ कापूस. देशी वाणांत त्याचा धागा लांब.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि इकडचे भाव चढले. लगोलग भेसळही वाढली. जाड्याभरड्या कापसालाही हिंगणघाटचेच नाव लागू लागले. मुंबई सरकारने १८६३ मध्ये भेसळीविरुद्ध कायदा केला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी कापूस आयुक्त नेमले गेले. रिव्हेट-कार्नॅक हे त्या पदावरचे गाजलेले अधिकारी.

दोष शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला दिला गेला. पण हिशेब पाहा. बनीच्या बोंडातून सरकी जास्त आणि रुई कमी निघे. भरड वाणातून रुई भरपूर निघे. चांगल्या धाग्याला त्या मानाने जास्त पैसा मिळत नसेल, तर तो पेरायचा कोणी? हळूहळू बनी मागे पडला. नाव मात्र बाजारात फिरत राहिले.

लहानपणी आमच्या मोहल्ल्यातले पिंजारी चाचा चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचे आणि गादीची की वातीची, ते सांगून टाकायचे. आपण विचारले तर धागा आपल्याच हातावर ठेवून दाखवायचे.

आज धाग्याची लांबी यंत्र मिलिमीटरमध्ये मोजते, तलमपणा ‘मायक्रोनेअर’मध्ये सांगते. हमीभावही त्याच आकड्यांवर ठरतो. मोजमाप पक्के झाले, हे चांगलेच. पण गाडी घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला तो आकडा कोणी समजावून सांगतो का? आपल्या मालाची प्रत त्यालाही कळली पाहिजे. हिंगणघाटच्या नावाचा इतिहास मला एवढेच सांगतो.