पनवेलचीं चाकें

कोंकणांतून देशावर जावयाचें तर बैलांच्या बळाइतकाच चाकांचा भरंवसा हवा. एकोणिसाव्या शतकांत पनवेल बंदराचा मुख्य कारागिरीचा धंदा गाडीचीं चाकें करण्याचा होता. समुद्रकांठावरून घाट चढून जाणाऱ्या गाड्या येथून चाकांची नवी जोडी घेऊन जात, अशी नोंद सरकारी गॅझेटियरांत आहे. मीठ, मासळी व भात यांच्या या पेठेंत चाकांनाच एवढें महत्त्व कां आलें, याचें उत्तर बोरघाटांत आहे.

पूर्वीं या घाटांतून मालाची ने-आण मुख्यतः बैलांच्या पाठीवरून होई. १८०४ सालीं जनरल वेलस्ली यानें तोफा नेण्यापुरती वाट नीट करविली. पुढें १० नोव्हेंबर १८३० रोजीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें गाड्यांचा रस्ता खुला केला. पाठीवरचा भार चाकांवर आला आणि सुतार-लोहारांस काम मिळालें. देशावरच्या जुन्या गाड्या मात्र अवजड होत्या. १८३६ च्या सुमारास लेफ्टनंट गेसफर्ड यानें सोलापुराकडे टेंभुर्णीस हलक्या गाड्या बनविण्याचा कारखाना काढला, तो याच अडचणीवर उपाय म्हणून.

चाक दिसतें साधें. पण त्याची रचना मोठी विचाराची आहे. मध्यें तुंबा, त्यांत ठोकलेले आरे, आऱ्यांवर लांकडी पाटे आणि सर्वांस आवळणारी लोखंडी धाव. धाव चाकाच्या घेरापेक्षां किंचित् लहान ठेवून तापवितात. ती फुलली कीं चाकावर बसवून पाणी ओततात. निवतांना ती आकसते आणि सारे सांधे घट्ट धरते. धाव सैल झाली तर आरे खुळखुळूं लागतात. मग अशा चाकावर घाटाचा भरंवसा कोण ठेवील?

मग धाव रुंदच कां करूं नये? भरल्या गाडीचें वजन अरुंद धावेवर एकवटतें व रस्ता चिरत जातें. याच कारणास्तव इंग्लंडांत १७५३ सालीं कायदा करून, पथकर घेणाऱ्या रस्त्यांवरील जड गाड्यांस नऊ इंच रुंदीचीं चाकें लाविलीं गेलीं. परंतु आपल्याकडील मातीच्या रस्त्यांत चाकोरी पडलेली असे. तीपेक्षां रुंद चाक तिच्या दोन्ही कडांस घासे, आणि त्याचा जाच बैलांना होई. रुंदी चांगली, पण ती रस्त्याशीं जमली पाहिजे.

हवेच्या टायराची कथाहि अशीच आहे. बेलफास्ट येथील डनलॉप या पशुवैद्यानें १८८८ मध्यें त्याचें पेटंट घेतलें. पुढें विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत आपल्याकडील बैलगाड्यांस असे टायर लागूं लागले. तेच बैल सपाटीवर कितीतरी जास्त ओझें सहज ओढूं लागले. परंतु उतारावर तेंच ओझें मागून रेटी आणि ब्रेक नसला तर सारा भार बैलांच्या मानेवर येई. चाक सुधारलें, ब्रेकाचा विचार मात्र मागें राहिला.

१८६३ सालीं बोरघाटांत आगगाडी सुरू झाली, ती कल्याण-कर्जतच्या वाटेनें. पनवेल बाजूला पडलें. तरीहि चाकांचा धंदा पुढें पुष्कळ वर्षें टिकला. आज त्याच पनवेलवरून द्रुतगति मार्गाची वाहतूक धांवते. भाजीपाला वाहणाऱ्या पिकअप गाडीस कोणी हौसेनें, कोणी भार पेलावा म्हणून, मूळचीं काढून रुंद चाकें व टायर बसवितो. पण चाक बाहेर सरकलें कीं आंसाजवळच्या बेअरिंगवर अधिक ताण येतो. वळणावर टायर आंतील पत्र्यास घासतो. सुकाणूं जड होतें. चाक रुंद झालें म्हणून गाडीची वजन वाहण्याची शक्ति वाढत नाहीं. निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारे असे फेरफार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमांत निषिद्ध मानिले आहेत, तें उगीच नव्हे.

पनवेलच्या सुतारानें चाक एकटें कधीं घडविलें नाहीं. त्याच्या डोळ्यांपुढें आंस होता, बैल होता आणि समोर घाट होता. चाक बदलणाऱ्यानें आजहि तेवढें पाहिलें, तर घाट उतरणाऱ्या गाडींतील माणूस सुखरूप घरीं पोंचेल.